एमजीए 1500 चं हेड आणि इनलेट: उद्यमबागेतल्या एका वर्कशॉपचा अनुभव

मी निपाणीची. कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवते. दारातली एमजीए 1500 ही विलायती स्पोर्ट्स गाडी अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची. 1974 साली त्यांनी ती मडगावातल्या एका घरातून विकत घेतली. पोर्तुगीज अमलात गोव्यात परदेशी गाड्या सहज यायच्या, त्यांतली ही एक. अण्णा गेल्यावर सहा वर्षं गाडी ताडपत्रीखाली होती. मागच्या दिवाळीनंतर इंजिन खोलायचं ठरवलं आणि हेडचं, म्हणजे सिलिंडरांवरच्या व्हॉल्व्हवाल्या झाकणाचं, काम कुणाकडे द्यायचं हा प्रश्न पडला. तीन महिने विचारपूस केल्यावर बेळगावच्या उद्यमबागेतलं हे वर्कशॉप सापडलं.

वर्कशॉपचं नाव इथं देत नाही, तसं मला सांगितलंय. हाताखाली एकच पोरगा आहे आणि फोन वाढले की काम बिघडतं, असं मालकांचं म्हणणं. त्यांना सगळे मामा म्हणतात, मीही मामाच म्हणते. तिसऱ्या रेल्वे गेटाकडून उद्यमबागेत शिरलात आणि कुठल्याही फौंड्रीच्या दारात ‘हेडवाले मामा’ विचारलंत तर माणूस बोट दाखवतो.

पहिल्या दिवशी मी हेड, इनलेट मॅनिफोल्ड (कार्बोरेटरकडून हेडपर्यंत हवा-पेट्रोल नेणारी नळी) आणि दोन्ही एसयू बनावटीचे कार्बोरेटर डिकीत घालून नेले. मामांनी हेड उलटं केलं, हृदयाच्या आकाराच्या चेंबरवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, “ही तर आपल्या अँबॅसिडरची थोरली बहीण की, मॅडम!” मला तिथंच धीर आला. बीएमसी, म्हणजे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं बी सिरीज इंजिन ते हेच. 1489 सीसी, 73.025 मिलिमीटरचा बोअर (सिलिंडरचा व्यास), 88.9 चा स्ट्रोक (पिस्टनची धाव). एमजीएत त्याला दोन कार्ब लावून 72 हॉर्सपॉवरपर्यंत नेलं, आणि आपल्याकडच्या अँबॅसिडरनं त्याच घराण्यातल्या इंजिनावर टॅक्सीचा संसार ओढला. बेळगाव स्टँडवरच्या टॅक्सींची किती हेडं हातावेगळी केली याचा हिशेब मामांकडे नाही, पण फळीवर एक वस्तू आहे. जुन्या अँबॅसिडरचं भंगार हेड बँडसॉवर उभं कापून त्याचे सहा काप करून ठेवलेत. पावाच्या लादीसारखे ओळीनं.

ते काप मी हातात घेऊन पाहिले. इनलेट पोर्ट, म्हणजे हवा आत जायची वाट, कसा वळतो, पाण्याची पोकळी कुठे आहे, पुशरॉडचं (व्हॉल्व्ह हलवणाऱ्या दांडीचं) भोक पोर्टच्या किती शेजारून जातं, सगळं उघडं दिसतं. एका जागी भिंत इतकी बारीक आहे की मामांनी तिथं लाल रंग लावलाय. “इथं ग्राइंडर गेला की हेड भंगारात,” ते म्हणाले. पुस्तकातली आकृती पाहून हे कळत नाही. माझ्या बी.एस्सी.च्या पोरांना मी तो काप दाखवायला नेणार आहे.

आता आधीची गोष्ट सांगायला हवी. अण्णांच्या शेवटच्या वर्षांत एका मोठ्या शहरातल्या गॅरेजनं ‘पॉवर वाढवून देतो’ म्हणून या गाडीच्या इनलेटवर काम केलं होतं. मॅनिफोल्ड आतून मोठं केलं, आरशासारखं पॉलिश केलं, आणि हेडला हातच लावला नाही. म्हणजे मॅनिफोल्डचं तोंड मोठं, हेडच्या पोर्टचं लहान, आणि दोघांच्या मध्ये वाहत्या हवेच्या समोर उभी राहिलेली दीड मिलिमीटरची पायरी. भरीला पॅकिंगची कडही आत डोकावत होती. हवा त्या पायरीला थडकते, पेट्रोलचे थेंब तिथंच साचतात आणि गाडी स्लोवर घुसमटते. अण्णांना वाटायचं गाडी म्हातारी झाली. तसं नव्हतं, आणि ते त्यांना कळायला हवं होतं याची चुटपुट मला अजून आहे.

मामांनी निळा मार्किंग रंग लावून पॅकिंग दोन्हीकडे धरलं आणि सुईनं रेघ मारली. पायरी कुठे आणि किती ते माझ्यासमोर निघालं. मी विचारलं, मामा, मग हेडचे पोर्ट आतपर्यंत मोठे करायचे का? इंटरनेटवर सगळीकडे तेच लिहिलेलं असतं. ते म्हणाले, “कशाला? भोक मोठं केलं की वारं मंद होतंय. ओढा रुंद झाला की पाणी रेंगाळतंय न्हवं, तसंच. तुमास्नी घाटात ताकद पायजे का शर्यतीत?”

माझ्या विषयाच्या भाषेत हे सातत्याचं समीकरण. मी ते दरवर्षी फळ्यावर लिहिते, आणि मामांनी ते ओढ्यात दाखवलं. आडवा छेद वाढवला की तेवढ्याच हवेचा वेग घटतो, आणि कमी फेऱ्यांवर पेट्रोल हवेत नीट मिसळून राहायला वेगच लागतो. मी मिनिटाला 5500 फेऱ्यांवर गाडी कधी चालवणार? त्यांनी हेडच्या पोर्टचं फक्त तोंड, पहिले 15 मिलिमीटर, मॅनिफोल्डच्या मापाला आणलं आणि मग हळूहळू मूळ पोर्टात विरघळवून टाकलं. आतला घसा तसाच ठेवला. फक्त ओतकामाचे खडे काढले आणि व्हॉल्व्ह गाइडच्या बुंध्याजवळची बोजड गाठ उतरवली. पॉलिशला ठाम नकार. इनलेटला 80 नंबरच्या कागदाचा खरबरीतपणाच ठेवला, कारण गुळगुळीत भिंतीवर पेट्रोल ओघळून चिकटतं.

या हेडची मूळ अडचण त्याच्या जुळ्या पोर्टांची आहे. 1 आणि 2 नंबरच्या सिलिंडरला मिळून एक इनलेट पोर्ट, 3 आणि 4 ला दुसरा. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटायचा क्रम, 1-3-4-2, म्हणजे 2 नं हवा ओढली की लगेच त्याच पोर्टातून 1 ओढतो, आणि 3 च्या पाठोपाठ 4. पाठीमागून ओढणाऱ्याला आधीच धावत असलेली हवा आयती मिळते. म्हणून कडेचे दोन सिलिंडर हवेनं जास्त भरतात आणि मधल्या दोघांपेक्षा कोरडे चालतात, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडतं. कोरड्याचा प्लग फिकट होतो, जास्त पेट्रोलचा काळा. माझे जुने प्लग काढले तेव्हा 1 आणि 4 पांढरट होते, 2 आणि 3 काळे. मामांनी चारही प्लग कागदावर ओळीनं मांडले आणि पोराला कानडीत काहीतरी समजावलं, मग तेच मला मराठीत. हा दोष पूर्ण जाणार नाही, घडणच तशी आहे, हे त्यांनी आधीच सांगितलं. असं आधी सांगणारा माणूस मला या सगळ्या शोधात दुसरा भेटला नाही.

बाकीचं काम थोडक्यात. व्हॉल्व्ह गाइड नवे, इनलेट सीटला (व्हॉल्व्ह टेकते त्या कडेला) 30-45-60 अंशांचं तीन कोनांचं कटिंग. एक्झॉस्टला कडक धातूच्या सीट बसवल्या, कारण 2000 सालापासून देशभर शिसं नसलेलं पेट्रोल मिळतं आणि जुन्या मऊ सीट त्यावर झिजून आत बसतात. हेडचा तळ सपाट करायचं फेसिंग अगदी 10 थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग).

दोन वस्तूंबद्दल मात्र सविस्तर लिहिते. पहिली हायलमची, म्हणजे उष्णता अडवणाऱ्या कडक थरांच्या फळीची. या इंजिनात इनलेट आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला आहेत, कार्ब थेट तापत्या नळ्यांच्या वर. एप्रिल-मेमध्ये घाट चढून थांबलं की पेट्रोल कार्बातच उकळायचं आणि अर्धा तास गाडी सुरू व्हायची नाही. मामांनी कार्ब आणि मॅनिफोल्डच्या मध्ये 8 मिलिमीटर जाडीचे हायलमचे ठोकळे बसवले, आतलं भोक पोर्टाशी तंतोतंत जुळवून. उष्णता वर चढायची कमी झाली. जुनी पत्र्याची ढालही सरळ करून परत लावली.

दुसरी वस्तू भोंग्याची. एअर फिल्टरच्या आत, कार्बच्या तोंडाला बसणारी गोल ओठाची ॲल्युमिनियमची कडी, लेथवर वळवलेली. सनईच्या तोंडासारखा ओठ. धारदार कडेच्या भोकातून हवा आत शिरताना आकसते आणि भोकाच्या साधारण 60 टक्केच वापर होतो. ओठ गोल केला की हा तोटा जवळजवळ जातो. कार्बचं तोंड अगदी धारदार नसतं, त्यामुळे फायदा तेवढा मोठा नाही, पण ॲक्सिलरेटर दाबल्यावर आवाज बदललाय एवढं खात्रीनं सांगते. भोंगे बसवताना मामांनी एक चूक पकडली, जी त्याच जुन्या गॅरेजची होती. कार्बच्या तोंडावर बोल्टांखेरीज आणखी बारीक भोकं असतात. त्यांतून बाहेरच्या हवेचा दाब एसयू कार्बच्या आतल्या पिस्टनखाली (इंजिनाचा पिस्टन वेगळा) पोचतो, आणि त्याच्या जोरावर पिस्टन उचलला जातो. माझं फिल्टरचं पॅकिंग उलटं बसवलेलं होतं आणि ती भोकं बुजलेली होती. पिस्टन नीट उठतच नव्हता. मामांनी पॅकिंग उजेडाकडे धरलं, भोकाच्या जागी नखानं खूण केली आणि पंचनं पाडलं. एक मिनिटाचं काम.

कार्बमधल्या, पेट्रोलचं प्रमाण ठरवणाऱ्या सुया मात्र मला विलायतेहून मागवाव्या लागल्या. पंपावर आता 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. पेट्रोलला वजनानं साधारण 14.7 पट हवा लागते, इथेनॉलला 9 पट, म्हणजे तेवढ्याच हवेत जास्त इंधन जायला हवं. मूळच्या सुईवर गाडी कोरडी चालते. एक पायरी जाड मिश्रणाच्या सुया घातल्या. इंधनाच्या रबरी नळ्याही बदलून घ्या, जुन्या फुगतात.

आता तक्रार. तीन आठवडे सांगून सात लावले. मधे दोनदा मी निपाणीहून 75 किलोमीटर आले आणि हेड होतं तिथंच होतं, कारण ऊस गाळपाच्या दिवसांत ट्रॅक्टरची हेडं आधी. शेतकऱ्याचं काम अडू नये हे मला मान्य आहे, पण एक फोन करायला हवा होता. बिल साध्या कागदावर, हेडचे 24,000 आणि ठोकळे-भोंग्यांचे 3,500. जे केलं त्याला हा दाम कमीच आहे.

गाडी सुरू होऊन चार महिने झाले. वंटमुरीचा चढ आधी तिसऱ्यावर यायचा, आता टॉपवर निघतो. चोर्ल्याला जांबोटीमार्गे दोनदा जाऊन आले, कणकुंबीला चहाला थांबून लगेच परत सुरू केली, तक्रार नाही. एव्हरेज 9 वरून 11 वर आलं. परवा प्लग काढले, 2 आणि 3 तपकिरी, 1 आणि 4 किंचित फिकट. मामांनी सांगितलं होतं तसंच.

जाणाऱ्यांनी हेडबरोबर मॅनिफोल्ड, दोन्ही पॅकिंग आणि चारही प्लग न पुसता न्यावेत. मागच्या कार्बच्या थ्रॉटल शाफ्टमधून अजून थोडी हवा शिरते. त्याच्या पितळी बुशी वळवून ठेवतो म्हणालेत, ऊस संपला की जायचं आहे.