एल्डन रिंग, ड्रॅगन्स डॉग्मा २ की लॉर्ड्स ऑफ द फॉलन: अडखळणाऱ्या गेममधून कुठला घ्यावा

डार्क फँटसी आरपीजी, म्हणजे एक पात्र घडवत खेळायचा गेम, घ्यायचा म्हटलं की सध्या ही तीन नावं हमखास समोर येतात, आणि तिन्हींच्या रिव्ह्यूमध्ये एकच रड, गेम भारी आहे पण नीट चालत नाही. मग लोक मोजायला बसतात की कुणात प्रॉब्लेम जास्त आणि कुणात कमी. माझं मत विचाराल तर ती मोजदाद करून फारसं हाती लागत नाही. प्रॉब्लेम खेळताना नेमका कुठल्या वेळी येतो आणि तुमच्या पीसीच्या कुठल्या भागावर भार टाकतो, हे बघा. कारण तिन्हींचं दुखणं वेगवेगळं आहे, आणि तिन्हीकडे जी गोष्ट त्या गेमचा जीव आहे तीच मशीनला जड जाते, म्हणजे ती काढून टाकली तर गेम लोण्यासारखा चालेल पण मग तो गेम घ्यायचा कशाला.

आधी एल्डन रिंग. फ्रॉमसॉफ्टवेअरचा, फेब्रुवारी २०२२ मध्ये आला, दिग्दर्शन हिदेताका मियाझाकी यांचं आणि त्या जगाचा जुना इतिहास, पुराणं म्हणा हवं तर, जॉर्ज आर. आर. मार्टिन यांनी लिहिलेली. त्या वर्षीचा गेम ऑफ द इयरही यालाच मिळाला. पण पीसीवर आला तेव्हा स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानावरचे रिव्ह्यू पहिल्या दिवसांत संमिश्रच होते आणि त्याला कारण होतं स्टटर. स्टटर म्हणजे एकूण फ्रेमरेट, सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची संख्या, कमी असणं नव्हे, साठवर छान चाललेलं असतं आणि मधेच क्षणभर चित्र थबकतं. नवीन शत्रू आला, त्याने आधी न पाहिलेला काहीतरी जादूचा हल्ला केला की त्याचा शेडर, म्हणजे ते चित्र कसं रंगवायचं ते कार्डाला सांगणारा छोटा प्रोग्राम, त्याच क्षणी तयार होतो, शिवाय घोड्यावरून सुसाट जाताना पुढचा मुलूख पडद्यामागे लोड होत असतो, कारण या जगात मधे लोडिंगची स्क्रीन जवळजवळ नाहीच. आता हा गेम आहे डॉजच्या, म्हणजे वार चुकवण्याच्या, टायमिंगचा. पहिला मोठा बॉस मार्गिट, तो काठी वर उचलतो आणि धरूनच ठेवतो, तुम्ही घाबरून आधीच लोळण घेता आणि मग तो मारतो, तर अशा बॉससमोर अर्धा सेकंद गेला म्हणजे जीव गेला. त्यामुळे याचा प्रॉब्लेम छोटा असला तरी नको तिथे येतो, हे घेण्याआधी माहीत असू द्या.

बाकीच्या मर्यादा पटकन सांगतो. पीसीवर ६० फ्रेमच्या वर जात नाही, तुमचा मॉनिटर १४४ हर्ट्झचा असला तरी नाही. अल्ट्रावाइड मॉनिटर असेल तर दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतात. हे दोन्ही मॉडने, म्हणजे खेळाडूंनी बनवलेल्या बदलांनी, सुटतं पण त्यासाठी फसवणूक रोखणारं अँटी-चीट बंद करून ऑफलाइन खेळावं लागतं, म्हणजे इतरांचे जमिनीवरचे मेसेज, रक्ताचे डाग, मदतीला बोलावणं सगळं गेलं, आणि मला विचाराल तर ते मेसेज गेले की गेम खूप एकटा होतो. स्टीम डेक या हातात धरायच्या गेमिंग पीसीवाल्यांसाठी चांगली बातमी अशी की तो बनवणाऱ्या व्हॉल्व्हने या गेमसाठी प्रोटॉनमध्ये, म्हणजे विंडोजचे गेम डेकवर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, खास दुरुस्ती केली, त्यामुळे स्टटरच्या बाबतीत सुरुवातीला डेक विंडोजपेक्षा बरा ठरला होता, अर्थात तिथे फ्रेमरेट तीस-चाळीसच्या आसपास धरून चालायचं. आणि पीएस५ असेल तर पीएस४ ची आवृत्ती त्यावर चालवा, दिसायला थोडी कमी पण साठ फ्रेम जास्त स्थिर धरते. लोडिंगला थोडा जास्त वेळ लागतो, चालतं तेवढं.

एवढं सगळं असून तीन कोटींच्या घरात कॉपी खपल्या त्या उगाच नाही. मिस्टवुडच्या जंगलात एक विहिरीसारखं बांधकाम दिसतं, आत लिफ्ट आहे, बसलात की ती खाली जाते, खाली जाते, अजून खालीच जाते, आणि तुम्हाला वाटतं आता एखादं तळघर येईल तर दार उघडल्यावर जमिनीखाली अख्खं चांदण्यांनी भरलेलं आकाश. मी तिथे काही न करता नुसता उभा राहिलो होतो. किंवा रादानची गोष्ट घ्या, एवढा प्रचंड सेनापती आणि त्याचा घोडा अगदी मरतुकडा, पण तो घोडा सोडावा लागू नये म्हणून रादान गुरुत्वाकर्षणाची विद्या शिकला, आणि हे कुणी तुम्हाला बसवून सांगत नाही, कुठल्यातरी वस्तूच्या दोन ओळींच्या वर्णनात सापडतं. हे असं सापडलं की मधले सगळे झटके माफ करावेसे वाटतात, मला तरी वाटले.

ड्रॅगन्स डॉग्मा २ चं सगळं उलटं आहे. कॅपकॉमचा गेम, दिग्दर्शक हिदेआकी इत्सुनो, मार्च २०२४. यात अडचण रानात कमी आणि शहरात जास्त. वर्नवर्थ नावाची राजधानी आहे, तिथे शिरलात की फ्रेमरेट घसरतो, आणि तुम्ही म्हणाल सेटिंग लो करू, तर लो केल्याने तिथे जवळजवळ काहीच फरक पडत नाही. कारण भार ग्राफिक्स कार्डवर नाहीच, प्रोसेसरवर आहे. कॅपकॉमनेही सांगितलं होतं की प्रत्येक पात्रासाठी प्रोसेसरचा बराच वाटा खर्च होतो. रस्त्यावरचा प्रत्येक माणूस कुठेतरी चाललेला असतो, त्याचं शरीर, त्याचा धक्का, त्याचं आजूबाजूला बघणं सगळं मोजलं जातं. काही खेळाडूंनी तर शहरातली माणसं मारून बघितली आणि माणसं कमी झाली की फ्रेमरेट वाढतो असं दाखवलं, त्यावरून दुखणं कुठे आहे ते कळतं. डीएलएसएस, एफएसआर वगैरेंचा अपस्केलिंगवाला उपाय, म्हणजे चित्र लहान बनवून मग मोठं करून दाखवणं, सुद्धा कार्डाचा भार हलका करतो, प्रोसेसरचा नाही, म्हणून शहरात तोही उपयोगी पडत नाही. सप्टेंबर २०२४ च्या अपडेटनंतर शहरांतली परिस्थिती सुधारली, पण जुन्या प्रोसेसरवर अजूनही जाणवेल.

पण मी वर म्हटलं ना, कधी येतो ते बघा. शहरात तुम्ही काय करता, तर चालता, बोलता, सामान घेता, खानावळीत झोपता. तिथे पस्तीस फ्रेम मिळाले तर डोळ्याला खुपतं पण कुणी मरत नाही. खरी लढाई होते बाहेर, आणि बाहेर मशीन मोकळा श्वास घेते. आणि बाहेरचं काय सांगू! ग्रिफिन खाली उतरला, तुम्ही त्याच्या पाठीवर चढून केस धरून वार करताय, तो उडाला तर तुम्हालाही घेऊन उडतो, आणि तुमची ताकद टिकली तर थेट त्याच्या घरट्यापर्यंत पोचता, तिथून परत यायचं कसं हा मग तुमचा प्रश्न. सायक्लॉप्स दरीच्या काठावर तोल जाऊन पडला तर दोन कड्यांमधे आडवा होतो आणि त्याच्या अंगावरून चालत पलीकडे जाता येतं. रात्र म्हणजे खरंच रात्र, कंदिलातलं तेल संपलं की हातभर पुढचं दिसत नाही आणि झाडीतून काय खुसखुस चाललंय ते नुसतं ऐकायचं. दिवसा बघितलं तर हा तिघांत सगळ्यात उजळ गेम, पण काळोखाची भीती मला यातच सगळ्यात जास्त वाटली.

सोबतीला प्यादी असतात, एक तुमचं स्वतःचं बनवलेलं आणि दोन इतर खेळाडूंनी बनवलेली, ती त्यांच्या मालकाच्या जगात जे शिकली ते तुमच्याकडे येऊन सांगतात, अमुक ठिकाणी पेटी आहे, चला दाखवतो. आणि याच प्याद्यांना एक रोग होतो, ड्रॅगन्सप्लेग. लागण झालेलं प्यादं उलट बोलायला लागतं, डोकं धरतं, आणि तुम्ही दुर्लक्ष करून खानावळीत झोपलात तर सकाळी अख्खी वस्ती मेलेली. नंतरच्या पॅचमध्ये, म्हणजे दुरुस्तीच्या अपडेटमध्ये, लागण कमी केली आणि डोळे चमकणं वगैरे लक्षणं ठळक केली, पण धोका ठेवलाय. आता यात सेव्हची भानगड लक्षात घ्या, स्लॉट, म्हणजे खेळ जपून ठेवायची जागा, एकच आहे. आपोआप सेव्ह होतं, फार तर शेवटच्या खानावळीतल्या मुक्कामावर परत जाता येतं. सुरुवातीला तर नवीन गेम पहिल्यापासून सुरू करायचा साधा पर्यायसुद्धा मेनूत नव्हता, तो काही दिवसांनी पॅचने दिला. वर आणि प्रवासाच्या स्फटिकासारख्या वस्तू वेगळ्या पैशाने विकायला ठेवल्या होत्या, त्यावरून लोक चिडले ते बरोबरच होतं. त्या वस्तू गेममध्ये फिरूनही मिळतात, पैसे अजिबात घालू नका, चालत जा. रस्त्यातच तर गेम आहे.

लॉर्ड्स ऑफ द फॉलन, ऑक्टोबर २०२३ वाला, हेक्सवर्क्सचा. २०१४ मध्ये याच नावाचा एक गेम होता, तो वेगळा, स्टोअरमध्ये बघून घ्या. हा अनरियल इंजिन ५ वर आहे आणि यात जगं दोन आहेत, जिवंतांचं ॲक्सियम आणि मेलेल्यांचं अम्ब्रल, एकाच जागेवर एकावर एक. हातात दिवा असतो, तो वर धरला की त्याच्या उजेडात मेलेलं जग दिसतं, जिथे पूल नव्हता तिथे हाडांचा पूल, जिथे भिंत होती तिथे वाट, आणि कधी कधी अगदी तुमच्या नाकासमोर उभं असलेलं काहीतरी. ॲक्सियममध्ये मेलात की अम्ब्रलमध्ये उठता, एक संधी अजून मिळते, पण तिथे जितका वेळ काढाल तितके शत्रू वाढत जातात आणि शेवटी एक लाल रीपर मागे लागतो. कल्पना म्हणून मला ही तिघांत सगळ्यात आवडलेली. पण दिवा उचलला की मशीनला दोन्ही जगं एकदम दाखवायची असतात, आणि हा भार ग्राफिक्स कार्डवर येतो. आला तेव्हा फ्रेमरेटच्या आणि क्रॅशच्या बऱ्याच तक्रारी होत्या, पहिल्या काही आठवड्यांत पॅचवर पॅच आले, मग एप्रिल २०२४ ला १.५ चं मोठं अपडेट. म्हणजे जुने रिव्ह्यू वाचून घाबरू नका, तारीख बघून वाचा. लढाईची पकड मात्र एल्डन रिंगइतकी घट्ट नाही, एकेका ठिकाणी शत्रू फारच कोंबलेत, हे पॅचनंतरही मला पूर्ण सुटल्यासारखं वाटलं नाही.

आता निवडायचं कसं. कार्ड जुनं असेल, जीटीएक्स १०६० वगैरे, तर एल्डन रिंग, दुसरा विचार नको, त्याची किमान अटच ३ जीबीचं १०६० आणि १२ जीबी रॅम एवढी आहे. लॉर्ड्सच्या किमान अटीतही १०६० लिहिलंय, ६ जीबीचं, पण ते अगदी खालच्या सेटिंगसाठी, आणि ज्या गेमची सगळी जादू दिसण्यात आहे तो धूसर करून खेळण्यात काय मजा. त्याला एसएसडी असलेली बरी. कार्ड नवीन घेतलंय पण प्रोसेसर पाच-सहा वर्षांपूर्वीचाच आहे, असं आपल्याकडे खूप जणांचं असतं, त्यांनी ड्रॅगन्स डॉग्मा २ सध्या थांबवावा आणि लॉर्ड्स बघावा. उलट प्रोसेसर दणकट आणि कार्ड मध्यम असेल तर ड्रॅगन्स डॉग्मा २ बिनधास्त, सेटिंग खाली आणून बाहेरचा खेळ छान चालतो. लॅपटॉपवाल्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवा, मे महिन्यात पंख्याखाली बसून प्रोसेसरवर जड असलेला गेम चालवला की मशीन तापून आपोआप वेग कमी करते, आणि मग दोष गेमचा की उन्हाचा हे कळतच नाही, ते तपासायचं तर एकदा सकाळी लवकर चालवून बघा.

लाईट जाणारं गाव असेल तर तेही मोजा. एल्डन रिंग सतत सेव्ह करत राहतो, बहुतेक वेळा जिथे होता तिथेच परत उठता, तरी विंडोजच्या ॲपडेटा फोल्डरच्या आतलं एल्डनरिंगचं सेव्हचं फोल्डर अधूनमधून दुसरीकडे कॉपी करून ठेवायची सवय लावा. ड्रॅगन्स डॉग्मा २ मध्ये स्लॉट एकच असल्याने ही काळजी जास्त घ्या.

तिघांतला एकच घ्यायचा आणि मशीन कुठल्याच बाबतीत फार कमी पडत नसेल तर मी ड्रॅगन्स डॉग्मा २ सांगेन, हे बऱ्याच जणांना पटणार नाही. एल्डन रिंग जास्त मोठा आणि जास्त घोटून केलेला गेम आहे हे मान्यच. पण त्याचा झटका नेमका बॉससमोर येतो आणि चिडचिड होते, इथला त्रास बाजारात येतो आणि वेशीबाहेर पडलात की विसरायला होतो. फ्रॉमसॉफ्टवेअरचाच जुना डार्क सोल्स २०१२ मध्ये पीसीवर आला तेव्हा आत तो १०२४ बाय ७२० वरच अडकवलेला होता आणि तीस फ्रेमवर, तरी लोकांनी तो डोक्यावर घेतला, ड्युरांते नावाच्या मॉडरने काही तासांत रिझोल्यूशनचा उपाय काढला. कारण अडचण होती ती दिसण्यात होती, गाभा शाबूत होता.

घेताना स्टीमवरून घ्या आणि रिफंडचा नियम वापरा, घेतल्यापासून १४ दिवस आणि खेळलेला वेळ दोन तासांच्या आत. हे दोन तास नीट वापरायचे. एल्डन रिंगमध्ये कथेत रेंगाळू नका, घोडा मिळवा आणि लिमग्रेव्ह या सुरुवातीच्याच मुलखातल्या तळ्यावर जा, तिथे अगील नावाचा ड्रॅगन वरून आग ओकत उतरतो, तेव्हा कितपत अडखळतं ते बघा. लॉर्ड्समध्ये पिएटा या बॉसपर्यंत पोचा आणि वाटेत जमेल तिथे दिवा उचलून आकडे बघत राहा. ड्रॅगन्स डॉग्मा २ चं कॅरेक्टर बनवायचं ॲप वेगळं आणि फुकट आलं होतं, चेहरा त्यातच बनवून ठेवा म्हणजे दोन तासांतला वेळ जाणार नाही, मग मेल्व गावातून राजधानीला जाणारी बैलगाडी पकडा, गाडीत डुलकी घेतली की प्रवास लवकर उरकतो, आणि वर्नवर्थच्या बाजारात भर गर्दीत पाच मिनिटं फिरा, कारण यापेक्षा वाईट तुमच्या मशीनवर पुढे सहसा काही येणार नाही.