टिनआय : छायाचित्राचे वय सांगणारी सेवा

मोबाइलवर एखादे अजब छायाचित्र आले की आपण सहसा एवढेच विचारतो, की हे खरे असेल का. टिनआय ही चित्रशोध सेवा बराच काळ नियमितपणे वापरल्यावर मला वाटू लागले आहे की त्याआधी दुसरा एक प्रश्न विचारायला हवा : हे छायाचित्र केव्हाचे आहे? फॉरवर्ड होत फिरणाऱ्या छायाचित्रांपैकी कितीतरी अस्सल असतात, फक्त ती जुनी आणि भलत्याच ठिकाणची असून त्यांच्याखाली कालच्या घटनेची ओळ चिकटवलेली असते. अशा छायाचित्रांच्या बाबतीत वय कळले की पुढचे बरेचसे आपोआप कळते, आणि वय शोधण्याचे काम टिनआय चोख करते. त्यापलीकडच्या तिच्या मर्यादाही तितक्याच ठळक आहेत.

कॅनडातील टोरंटो येथून चालणारी ही सेवा २००८ मध्ये सुरू झाली. चित्र देऊन चित्र शोधण्याची सोय गूगलने २०११ मध्ये आणली, त्यामुळे या क्षेत्रात टिनआयला थोरली म्हणायला हरकत नाही. संकेतस्थळावर जाऊन छायाचित्र अपलोड करायचे किंवा त्याची लिंक पेस्ट करायची, एवढेच काम असते. नोंदणी करावी लागत नाही, खासगी वापरासाठी पैसे पडत नाहीत, आणि शोधासाठी दिलेली चित्रे आपण साठवून ठेवत नाही असे ही सेवा सांगते. दिलेल्या छायाचित्राचा एक अंकीय ठसा तयार होतो आणि आधीच गोळा करून ठेवलेल्या अब्जावधी चित्रांच्या ठशांशी तो ताडून पाहिला जातो. छायाचित्रात माणूस आहे, मांजर आहे की डोंगर, याच्याशी तिला कर्तव्य नसते. समुद्रकिनाऱ्याचे छायाचित्र दिले तर ती दुसरे किनारे दाखवत बसत नाही; मात्र तेच छायाचित्र कोणी कडेने कापले असेल, लहान केले असेल, त्याचे रंग बदलले असतील किंवा त्यावर मजकूर छापला असेल, तरी ती ते बहुतेक वेळा ओळखते.

या सेवेकडे मी वळलो तो स्वतःच्या फजितीमुळे. रस्ता मधोमध दुभंगून आख्खी मोटार आत गेली आहे, असे एक छायाचित्र मला आले होते आणि खाली ‘आज पहाटेची घटना, त्या बाजूला जाणाऱ्यांनी सावध राहावे’ अशी सूचना होती. सावधगिरीच्या सूचनेला कोण अडवणार? मी ते तत्काळ तीन ग्रुपवर टाकले. आत्याने लगेच आभार मानले आणि पुढे तिच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवरही पाठवले. संध्याकाळी एका मित्राने तेच छायाचित्र टिनआयवर टाकून आलेले निकाल मला पाठवले. सर्वांत जुनी नोंद आठ वर्षांपूर्वीची होती. त्याहून बोलका ठरला तो दोन चित्रे आलटून पालटून दाखवणारा तुलनेचा पर्याय. एकदा माझ्याकडचे छायाचित्र, एकदा जुने, असे डोळ्यांसमोर बदलत गेल्यावर लक्षात आले की उजवीकडची बोटभर पट्टी कापलेली आहे, आणि नेमक्या त्याच पट्टीत छायाचित्रकाराचे नाव व दुसऱ्याच लिपीतली दुकानाची पाटी होती. ती पट्टी चुकून कापली गेली असेल, असे मला तरी वाटत नाही. मी तिन्ही ग्रुपवर खुलासा टाकला. मूळ छायाचित्राला जेवढी उत्तरे आली होती, त्यांच्या निम्मीही खुलाशाला आली नाहीत.

टिनआयची खरी ताकद निकालांच्या क्रमात आहे. सर्वाधिक जुळणारे, सर्वाधिक बदललेले, आकाराने सर्वांत मोठे, सर्वांत नवे आणि सर्वांत जुने असे निकाल लावता येतात. नवख्याने आधी ‘सर्वांत जुने’ हा पर्याय निवडावा. मात्र तिथे दिसणारी तारीख नीट समजून घ्यायला हवी, कारण ते छायाचित्र टिनआयला महाजालावर प्रथम कधी आढळले, ती ही तारीख असते; ते काढले कधी, याचा त्यात पत्ता नसतो. म्हणजे छायाचित्र निदान तेवढे तरी जुने आहे, एवढेच त्यावरून ठरते, ते त्याहूनही बरेच जुने असू शकते. हा तर्क एकाच दिशेने चालतो. घटना कालची आणि नोंद पाच वर्षांपूर्वीची असेल तर छायाचित्र त्या घटनेचे नाही, हे निश्चित झाले. पण एकही निकाल आला नाही म्हणून छायाचित्र ताजे किंवा अस्सल ठरत नाही. बंद ग्रुपमध्ये आणि लॉगिनच्या आड फिरणारा मजकूर अशा शोधयंत्रांच्या हाती लागत नाही. ‘शून्य निकाल’ म्हणजे निर्दोषत्वाचे प्रमाणपत्र समजून तेच पुढे पाठवणारी माणसेही मी पाहिली आहेत.

‘सर्वाधिक बदललेले’ हा पर्याय मला सर्वांत मनोरंजक वाटतो. पूर आला की रस्त्यावरच्या पाण्यात पोहणारा शार्क हमखास प्रकट होतो, ते छायाचित्र बहुतेकांच्या पाहण्यात असेल. २०११ मध्ये आयरीन चक्रीवादळाच्या वेळी ते फिरले आणि २०१७ मध्ये हार्वे चक्रीवादळाच्या वेळी पुन्हा. त्यातला शार्क मात्र खरा आहे. थॉमस पेशॅक यांनी २००३ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ कयाक या छोट्या होडीत बसलेल्या संशोधकाचे आणि त्याच्या मागून येणाऱ्या मोठ्या पांढऱ्या शार्कचे छायाचित्र टिपले होते; त्यातला मासा कापून कोणीतरी पूरग्रस्त रस्त्यावर चिकटवला. गंमत अशी की मूळ छायाचित्र पाहणाऱ्या अनेकांना तेच बनावट वाटले होते. अशा जोडकामाच्या चित्रात एकाच तुकड्याचा माग काढायचा असेल तर तेवढाच भाग कापून शोधाला द्यावा, कारण पूर्ण चित्र दिले की त्या चित्राच्याच नकलांची रांग लागण्याची शक्यता जास्त असते. तुकडा फारच लहान किंवा धूसर असेल तर ही युक्तीही चालत नाही.

छायाचित्रातल्या वस्तू ओळखून शोध घेणाऱ्या गूगल लेन्सशी तुलना टाळता येणार नाही. लेन्सचा आवाका मोठा आहे, ते फोनमध्ये हाताशी असते आणि छायाचित्रातली इमारत, फलक किंवा मजकूर ओळखण्यात टिनआय त्याच्या आसपासही फिरकत नाही, कारण ते तिचे कामच नव्हे. ठिकाण शोधायचे असेल तर मी लेन्सच वापरतो. पण ‘हेच छायाचित्र’ हवे असताना ‘असेच काहीतरी’ दाखवण्याची त्याची सवय त्रासदायक आहे. पुरात अडकलेल्या माणसाचे छायाचित्र दिल्यावर त्याच्या अंगातल्या शर्टासारखे विक्रीचे शर्ट समोर यावेत, ही चेष्टा सहन होत नाही. २०२३ पासून गूगलने चित्राविषयी माहिती देणारी वेगळी सोय आणली असून ते चित्र गूगलला प्रथम केव्हा दिसले याचा अंदाज तिथे मिळतो. ती उपयुक्त आहे, पण जुन्यापासून नव्यापर्यंत सगळ्या नोंदी ओळीने लावून पाहण्याची टिनआयची सोय मला अजूनही अधिक भरवशाची वाटते.

व्हिडिओच्या बाबतीत मात्र टिनआय एकटी पुरी पडत नाही, आणि हल्ली तर व्हिडिओच अधिक येतात. व्हिडिओ थांबवून स्क्रीनशॉट घ्यायचा आणि तो शोधाला द्यायचा, हा एक साधा मार्ग आहे. २०१७ मध्ये आलेले इनव्हिड नावाचे ब्राउझर एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायची छोटी पुरवणी, हेच काम नेटकेपणाने करते. ते व्हिडिओतल्या ठळक चौकटी, म्हणजे स्थिरचित्रे, वेगळ्या काढून देते आणि तिथूनच त्या वेगवेगळ्या शोधयंत्रांकडे पाठवता येतात. तरीही मुळातच रचलेल्या व्हिडिओपुढे ही सारी साधने थिटी पडतात. २०१२ मध्ये बागेतले लहान मूल उचलून नेणाऱ्या गरुडाचा व्हिडिओ जगभर गाजला, तो मॉन्ट्रियलमधल्या विद्यार्थ्यांनी संगणकावर बनवला होता. २०१४ मध्ये गोळीबारातून बहिणीला वाचवणाऱ्या सीरियन मुलाचा म्हणून जो व्हिडिओ पसरला, तो नॉर्वेच्या चित्रपट दिग्दर्शकाने माल्टामध्ये कलाकार घेऊन चित्रित केला होता. या दोन्ही व्हिडिओंना जुना पत्ताच नव्हता, मग वय विचारून काय मिळणार? दोन्ही ठिकाणी उलगडा झाला तो बनवणाऱ्यांनी स्वतः सांगितल्यावर.

कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेल्या चित्रांची अडचण याच जातीची आहे. मार्च २०२३ मध्ये पोप फ्रान्सिस यांचे पांढऱ्या फुगीर जॅकेटमधले चित्र फिरले, ते मिडजर्नी या साधनाने तयार केलेले होते. अशा चित्राचे मूळ छायाचित्र अस्तित्वातच नसते. शोध घेतल्यावर ते प्रथम कुठे दिसले याचा धागा कधीकधी हाती लागतो आणि त्या पानावरच ‘हे मी बनवले’ अशी कबुली सापडते, पण पहिल्या काही तासांत, म्हणजे फॉरवर्ड करण्याची उबळ सर्वाधिक असते तेव्हा, टिनआयकडून फारशी अपेक्षा ठेवू नये. तिचा साठा आधी गोळा केलेल्या चित्रांचा आहे. आजच जन्मलेले चित्र तिथे नसणारच.

वापरातल्या सोयीबद्दल थोडक्यात सांगायचे तर संगणकावर टिनआयचे एक्स्टेन्शन ब्राउझरमध्ये जोडून घेतले की कोणत्याही चित्रावर उजवी क्लिक करून थेट शोध घेता येतो, आणि याहून सोपे काही असू शकेल असे मला वाटत नाही. फोनवर मात्र छायाचित्र आधी साठवायचे, मग ब्राउझर उघडायचा, मग ते अपलोड करायचे, असा द्राविडी प्राणायाम करावा लागतो, तर फॉरवर्डचा बाण मात्र अंगठ्याखालीच असतो. आत्याला मी ही रीत दोनदा शिकवली. तिसऱ्या वेळी तिने स्वतःचा मार्ग शोधला : आता ती असे प्रत्येक छायाचित्र प्रथम मलाच पाठवते आणि खाली लिहिते, ‘जुनं आहे का रे हे, बघून सांग.’