फुलस्टॉप अवतरणाच्या आत की बाहेर?

इंग्रजीत रोज लिहिणाऱ्याला हे कधी ना कधी ठरवावंच लागतं. अमेरिकी पद्धतीत फुलस्टॉप आणि कॉमा कायम अवतरणचिन्हाच्या आत, मग ते मूळ मजकुरातले असोत वा नसोत. ब्रिटिश पद्धत अर्थ बघते: उद्धृत मजकुराचं चिन्ह आत, आपल्या वाक्याचं बाहेर. (प्रश्नचिन्हाचं दोघेही अर्थ बघूनच ठरवतात. म्हणजे अमेरिकी मंडळी सगळीकडेच हट्टी आहेत असं नाही.)

मी बरीच वर्षं अमेरिकी पद्धतीनं लिहिलं. पुण्यात बसून सॉफ्टवेअरची मॅन्युअल्स लिहायचो, ग्राहक अमेरिकेतले. त्या पद्धतीचं एक सुख आहेच, डोकं चालवावं लागत नाही. अवतरण संपलं की टिंब आत ढकलायचं आणि पुढं जायचं. पानही नेटकं दिसतं. बाहेर एकटं पडलेलं टिंब सुरुवातीला मलाही खुपायचं.

मग पासवर्डचं प्रकरण झालं. पहिल्या लॉगिनला टाकायचा पासवर्ड मी वाक्याच्या शेवटी दिला होता: "अॅडमिन१२३." नियमाप्रमाणे टिंब आत. तिकडून तक्रार आली, लॉगिन होत नाही. पासवर्ड रीसेट केला, सर्व्हर तपासला, त्यात अख्खी संध्याकाळ गेली. शेवटी स्क्रीन शेअर केल्यावर दिसलं, तो बिचारा टिंबासकट टाइप करत होता. त्याचं काय चुकलं? अवतरणात जे दिसलं ते त्यानं टाइप केलं. आणि नियमानं माझंही बरोबर होतं, हेच जास्त लागलं.

शिकागो मॅन्युअल ऑफ स्टाईल या अमेरिकी लेखन-नियमांच्या पुस्तकालाही हा घोळ ठाऊक आहे. फाइलचं नाव किंवा जसाच्या तसा टाइप करायचा मजकूर असेल, तर टिंब बाहेर ठेवायची किंवा मजकूर वेगळ्या फॉन्टमध्ये द्यायची मुभा ते देतात. पण माझ्या कामात असा मजकूर पानोपानी. मग अपवादच पाळत बसायचं, तर नियम हवा कशाला?

ब्रिटिशांचं मला काचतं ते वेगळंच. तिकडचे बरेच प्रकाशक एकेरी अवतरण वापरतात, आणि ते बंद करायचं चिन्ह अपॉस्ट्रॉफीसारखंच दिसतं. 'द बॉइज' बुक्स' वाचताना अवतरण बॉइजपाशी संपलं की बुक्सपाशी, ते दोनदा बघावं लागतं. शिवाय बोलणाऱ्याचे शब्द दुहेरीत आणि जोर द्यायचा शब्द एकेरीत, हे आपण मराठीच्या तासाला घोकलेलं. एकेरीतला संवाद वाचताना कुणी बोलतंय असं मला अजून वाटत नाही.

म्हणून मी चिन्हं दुहेरी घेतो आणि टिंब अर्थाप्रमाणे ठेवतो. ही भेसळ माझ्या एकट्याची नाही, इंग्रजी विकिपीडियाही असंच लिहितो. अर्थात अमेरिकी विद्यापीठात प्रबंध द्यायचा असेल तर मुकाट्यानं आत टाका, तिथं वाद घालण्यात अर्थ नाही. कथा लिहिणाऱ्यांनी फार विचार करू नये. संवादातलं टिंब बहुधा बोलणाऱ्याचंच असतं, त्यामुळे ते दोन्हीकडे आतच येतं. पण वाचणारा तुमचे शब्द बघून काही टाइप करणार असेल, तर मला तरी बाहेरच बरं वाटतं.

त्या मॅन्युअलच्या पुढच्या आवृत्तीत पासवर्ड स्वतंत्र ओळीवर गेला. अवतरण नाही, टिंबही नाही.