सबवूफर जुळवून देणारे दादा

गिरगावातल्या आमच्या १४ फुटी हॉलमध्ये सबवूफर, म्हणजे खर्जाचा स्पीकर, कोपऱ्यात होता. डग्गा नुसता घुमायचा. लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानातून आलेल्या दादांनी सबवूफर उचलून थेट माझ्या सोफ्यावर ठेवला, तबल्याचं रेकॉर्डिंग लावलं आणि मला भिंतीकडेने रांगत ऐकायला सांगितलं. टीव्हीच्या डावीकडे दोन हातांवर डग्ग्याची मींड स्वच्छ उमटली, तीच जागा ठरली. एवढ्या लांबीत ४० हर्ट्झच्या आसपास आवाज फुगतो, हे त्यांनीच समजावलं. स्पीकर चालवणाऱ्या रिसीव्हरवर क्रॉसओव्हर, म्हणजे ज्याखालचा आवाज सबवूफरकडे जातो ती सीमा, ८० हर्ट्झ; सबवूफरचा स्वतःचा क्रॉसओव्हर पूर्ण वर. सबवूफरचा आवाज बाकी स्पीकर्सशी जुळवणारा फेज १८० अंशांवर ठेवल्यावर ठोका भरला. खालच्या मजल्यावरच्या काकूंसाठी तळाला जाड रबर. आवाज मोजायचा मीटर मात्र त्यांनी आणायला हवा होता. तरी दोन तास जीव ओतून काम केलं. पुन्हा त्यांनाच बोलावीन.