विंचचं ब्रॅकेट: चॅसीला वेल्डिंग, बोल्टची प्लेट की काढघालीची चौकट?

जोंगा किंवा विलीज या जुन्या लष्करी जीपच्या नाकावर विंच, म्हणजे ड्रमवर दोर गुंडाळून अडकलेली गाडी ओढून काढणारं विजेचं यंत्र, बसवायचा तर मार्ग तीन. ब्रॅकेट थेट चॅसीला वेल्ड करणं, चॅसीच्या दोन्ही लांब तुळयांवर, म्हणजे रेलवर, जाड प्लेट बोल्टने कसणं, किंवा बंपरखाली चौकोनी पाइपचं तोंड ठेवून विंच लागेल तेव्हाच त्यात खोचणं. आमचा कौल बहुतेक गाड्यांसाठी बोल्टच्या प्लेटला आहे. तरी दोन परिस्थितींत उत्तर बदलतं.

आधी ओढ किती ते पाहू. गाडीच्या भरलेल्या वजनाच्या दीडपट क्षमतेचा विंच घ्यावा. विलीज एमबी रिकामी साधारण 1,100 किलोची, माणसं-सामान धरून दीड टनाच्या आसपास; तिला 5,000 पौंडांचा पुरतो. जोंगा बरीच जड, तिला 9,500 पौंडांचा लागतो. ही ओढ 4,300 किलोची, म्हणजे 42 किलोन्यूटनची, आणि तीही दोराचा पहिलाच थर ड्रमवर असताना. खालचे आकडे जोंगाचे आहेत.

वेल्डिंग: दिसायला भक्कम, चॅसीला महाग

गोव्यात जाड प्लेटचं वेल्डिंग करणारे हात सहज मिळतात. मांडवी-झुआरीच्या काठी बार्जदुरुस्तीवर तयार झालेला वेल्डर 10 मिमीची प्लेट डोळे झाकून जोडेल. प्रश्न त्याच्या हाताचा नसून चॅसीच्या पत्र्याचा आहे. पन्नास वर्षांच्या रेलचा पत्रा मुळातच पातळ, त्यात आतून गंजलेला. त्यावर जाड प्लेट वेल्ड केली की वेल्डिंगच्या कडेला लागून उष्णतेने बदललेली पट्टी तयार होते. स्प्रिंगच्या पाट्यांवर बसलेल्या गाडीची चॅसी खड्ड्यांत पिळ खाते, प्लेट पिळ खात नाही, आणि चीर नेमकी त्या पट्टीत पडते. रेलच्या वरच्या-खालच्या पट्टीवर आडवं वेल्डिंग मारलं असेल तर ही चीर ठरलेलीच.

दुसरी अडचण कागदांची. केंद्राच्या 2021 च्या विंटेज नियमांत गाडी पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ रूपातली हवी. चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केलेली चालत नाही. ‘व्हीए’ मालिकेचा नंबर हवा असेल तर चॅसीवर वेल्डिंगची एकही रेघ नको.

वेल्डिंग योग्य ठरतं ते एकाच ठिकाणी: रेलची टोकं इतकी सडली आहेत की ती कापून नवी लावावीच लागणार. तेव्हा तोंडाला तोंड लावून सरळ जोड मारू नये. आतून बाही घालावी, जोड तिरका ठेवावा. 7018 चे (कमी हायड्रोजनचे) वेल्डिंग रॉड वापरावेत, पण कोरडे. जूनपासून सप्टेंबरपर्यंत इथल्या हवेत उघडं पाकीट ओल धरतं, त्या ओलीतला हायड्रोजन वेल्डिंगमध्ये शिरतो आणि चीर उशिरा दिसते. ओल धरलेले रॉड 300 ते 350 अंशांवर तासभर भाजून घ्यावेत. हे कुणी करणार नसेल तर काम ऑक्टोबरवर ढकलावं.

बोल्टची प्लेट

8 मिमीची एमएस (साध्या पोलादाची) प्लेट, आयएस 2062 दर्जाची, 600 × 200 मिमी. वजन साडेसात किलो. पुढची कडा 75 मिमी वर वळवलेली, किंवा तिथे तेवढीच पट्टी वेल्ड केलेली. रोलर फेअरलीड, म्हणजे दोराला वाट देणारी रुळांची चौकट, त्या कडेवर बसतो. 8,000 ते 9,500 पौंडांच्या बहुतेक विंचची भोकं 254 × 114 मिमीवर असतात आणि फेअरलीडचे दोन बोल्टही 254 मिमीवर. तरीही विंच हातात येईपर्यंत भोकं मारू नयेत. भोकं ड्रिलनेच: एम10 (10 मिमी जाड) बोल्टसाठी 11 मिमी, एम12 साठी 13 मिमी. गॅस कटरने पाडलेलं भोक खडबडीत असतं, बोल्ट त्यात एका कडेवर टेकतो.

ओढ आडवी असली तरी प्लेट पुढे उलटू पाहते. दोर चॅसीपासून 150 मिमी उंचीवरून बाहेर पडत असेल तर 42 किलोन्यूटनचा 6.3 किलोन्यूटन-मीटरचा घूर्ण (उलटवणारा जोर) तयार होतो. पुढचे-मागचे बोल्ट 150 मिमी अंतरावर असतील तर मागच्या दोन बोल्टांवर प्रत्येकी सुमारे 21 किलोन्यूटन वर खेचणारा भार येतो. 8.8 या ताकदीच्या दर्जाचा एम12 बोल्ट 48 किलोन्यूटन सहज पेलतो. म्हणजे बोल्ट तुटत नाही. त्याचं डोकं किंवा वॉशर जुन्या पत्र्यातून ओढून निघतो. म्हणून मोठ्या बोल्टमागे लागण्यापेक्षा रेलच्या आतून 6 मिमीची, निदान 60 मिमी रुंद पट्टी द्यावी. जिथे रेल बंद खोक्यासारखी आहे तिथे प्रत्येक बोल्टभोवती पाइपचा तुकडा घालावा, नाहीतर बोल्ट कसताना रेलच चेपते आणि दोन महिन्यांत बोल्ट सैल पडतो. कसताना एम12 ला 80 न्यूटन-मीटरचा पिळ द्यावा, एम10 ला 45. दोर ड्रमच्या खालून निघेल असाच गुंडाळावा. वरून काढला तर उंची वाढते आणि हे सगळं गणित बिघडतं.

शक्य तिथे बंपर आणि क्रॉसमेंबरची (दोन रेल जोडणाऱ्या आडव्या तुळईची) मूळ भोकंच वापरावीत. नवं भोक लागलंच तर रेलच्या उभ्या बाजूत मारावं, वर-खालच्या पट्ट्यांत नाही.

बार्जच्या भंगारातली प्लेट स्वस्त मिळते, पण खाऱ्या पाण्याने पडलेले खड्डे घासूनही जात नाहीत आणि दर्जाही कळत नाही. स्टेनलेस 304 चा मोह टाळावा. समुद्राच्या हवेत त्यावरही तांबूस डाग पडतात, आणि स्टेनलेसला टेकलेली साध्या लोखंडाची रेल उलट लवकर गंजते.

काढघालीची चौकट

गाडी एरवी मूळ रूपात दिसावी, ग्रिलसमोर विंच नको, ही इच्छा रास्त आहे. रेडिएटरला हवा मिळते, 35-40 किलोचं वजन पुढच्या पाट्यांवर कायम राहत नाही, विंच पावसाळाभर घरात कोरडा राहतो. शिवाय वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर 2017 मध्ये क्रॅश गार्डविरुद्ध (बंपरपुढे लावलेल्या लोखंडी गजांविरुद्ध) कारवाईचे निर्देश दिल्यापासून गाडीच्या नाकावरचं जास्तीचं लोखंड नजरेत भरतं.

पण बाजूच्या ओढीला ही चौकट कच्ची. खोचायचा पाइप 50 मिमी चौकोनी, 6 मिमी जाडीचा आणि विंच तोंडापासून 250 मिमी पुढे धरा. सरळ ओढीत काही होत नाही. दोर 30 अंश बाजूला गेला की पाइपमधला ताण 410 मेगापास्कलवर जातो, आणि साधं लोखंड 250 ला वाकतं. 15 अंशांवर हिशेब 234 चा येतो, म्हणजे काठावरच. सत्तरी तालुक्याच्या जंगलवाटेवर किंवा चिरेखाणीच्या लाल चिखलात झाड नेहमी समोरच असेल असं नाही. ज्याला खरोखर अडकलेली गाडी काढायची आहे त्याने हा मार्ग घेऊ नये. प्रदर्शनाच्या गाडीला मात्र हाच उत्तम.

कुठलाही मार्ग घ्या, हे तपासा

एमबीला मूळची 6 व्होल्टची वीज, काही लष्करी गाड्यांना 24 व्होल्टची. विंच मागवण्याआधी बॅटरी पाहा. पूर्ण ओढीत 12 व्होल्टचा विंच 400 अँपिअरच्या आसपास खातो. अर्थिंग ब्रॅकेटच्या रंगवलेल्या बोल्टातून न घेता जाड केबलने थेट बॅटरीपर्यंत न्यावं.

प्लेट आणि रेल यांच्यामध्ये चिखल साचतो आणि गंज तिथूनच सुरू होतो. टेकणाऱ्या बाजूही जोडण्याआधी रंगवाव्यात: झिंक प्रायमर, वर इपॉक्सी. हवेत 85 टक्क्यांहून जास्त दमटपणा असताना रंग मारू नये. सर्वांत खालच्या जागी 12 मिमीचं पाणी निघायचं भोक ठेवावं. गरम जस्ताचा मुलामा देणार असाल तर बंद पाइपला आधी हवेची भोकं हवीतच, नाहीतर आत अडकलेली वाफ टाकीत पाइप फोडते. बोल्ट 8.8 चेच; जस्त चढवलेले 12.9 चे ॲलन बोल्ट हायड्रोजनमुळे ठिसूळ होऊन अचानक तुटतात.

पहिली ओढ हलक्या उतारावर, दोरावर जाड गोणपाट टाकून, माणसं बाजूला ठेवून घ्यावी. नंतर सगळे बोल्ट पुन्हा टॉर्क रेंचने कसावेत, आणि भोकांभोवतीचा रंग तडकलाय का ते बॅटरीच्या उजेडात पाहावं. रंग तडकला असेल तर तिथली पट्टी आणखी रुंद करावी लागेल.