वॉर्ड ऑफिसची दूषित पाणी सेवा : आधी अभियंता, मग वॉर्ड ऑफिसर

मुंबई महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसात दूषित पाण्याची तक्रार दोघांकडे करता येते. एक जलकामे खात्याचे सहायक अभियंता, दुसरे सहायक आयुक्त, म्हणजेच वॉर्ड ऑफिसर. तक्रार मोठ्या साहेबांकडे दिली की काम लवकर होईल, हा समज चुकीचा आहे. तो अर्ज फिरून जलकामेच्या कनिष्ठ किंवा दुय्यम अभियंत्याकडेच येतो. मधल्या दिवसांत घरोघरी जुलाब सुरू होतात.

जलकामेची माणसं जाणकार असतात. त्यातही चावीवाला, म्हणजे पाण्याचे व्हॉल्व्ह उघडणारा-बंद करणारा कर्मचारी. कोणत्या गल्लीची लाइन कोणत्या व्हॉल्व्हवर आहे आणि पाणी किती वाजता सुटतं, हे त्याला तोंडपाठ असतं. गळती शोधताना नकाशाइतकाच त्याचा उपयोग होतो. मात्र त्यांना तक्रार नेमकी द्यावी लागते. 'पाणी घाण येतं' एवढ्यावर काही कळत नाही.

नमुना मीटरजवळच्या पहिल्या नळाचा घ्या, गच्चीवरच्या टाकीचा नव्हे. मीटरपाशी पाणी स्वच्छ आणि टाकीत घाण असेल, तर दोष सोसायटीच्या टाकीत किंवा इमारतीतल्या पाइपांत आहे. नमुना पाणी सुटल्यावर पहिल्या काही मिनिटांतच भरायला हवा. आपल्याकडे पुरवठा ठरावीक वेळेचा. पाणी बंद झालं की पाइपमधला दाब उतरतो आणि पाइप गटारातून जात असेल तर छिद्रातून बाहेरची घाण आत ओढली जाते. पाणी सुटताच ती आधी बाहेर पडते. तासाभराने घेतलेला नमुना बहुधा स्वच्छ निघतो, 'दोष आढळला नाही' असा शेरा पडतो आणि तक्रार बंद होते. या सेवेतली सगळ्यात मोठी चूक हीच, आणि ती पाइपचं काम माहीत नसलेला माणूस हमखास करतो. पाणी निर्जंतुक करायला घातलेलं क्लोरीनही तिथेच तपासून मागा. भारतीय मानकानुसार ते लिटरला किमान 0.2 मिलिग्रॅम उरायला हवं. शून्य आलं तर घाण शिरल्याचा दाट संशय घ्यावा.

शेजारच्या इमारतींनाही विचारा. सगळीकडे घाण येत असेल तर दोष मुख्य लाइनमध्ये, दुरुस्ती पालिकेची. मीटरपाशी घाण पाणी एकाच इमारतीत येत असेल तर दोष जोडणीच्या, म्हणजे मुख्य लाइनपासून इमारतीपर्यंतच्या पाइपमध्ये. तो परवानाधारक प्लंबरकडून सोसायटीने बदलायचा असतो.

मग वॉर्ड ऑफिसर कशाला? जोडणी पर्जन्यवाहिनीतून जाते, शेजारी मलवाहिनी फुटलेली असते, रस्ता नुकताच काँक्रीटचा झालेला असतो. इथे तीन-चार खाती येतात आणि जलकामेचा अभियंता दुसऱ्या खात्याला हुकूम देऊ शकत नाही. सगळ्यांना एका जागी बोलावून खोदाईची तारीख ठरवणं हे सहायक आयुक्तांचं काम, आणि ते प्रशासकानेच करावं. पण खोदायचं कुठे, हे त्यांनी ठरवू नये.

मुंबईला पाणी देणारा मोडकसागर तलाव ज्यांच्या नावाने आहे ते नानासाहेब मोडक अभियंताच होते. त्या परंपरेच्या शहरात पाण्याचा अर्ज पहिल्यांदा अभियंत्याने वाचावा, ही अपेक्षा जास्त नाही.

या सेवेला गुण द्यायचे तर तांत्रिक कामाला पाचपैकी चार, खात्यांच्या समन्वयाला दोन. तक्रार 1916 वर नोंदवून क्रमांक घ्या. अर्जात पाणी सुटण्याची वेळ, घाण पाणी किती मिनिटं येतं आणि बाधित इमारतींची नावं लिहा, वर 'सहायक अभियंता, जलकामे' आणि खाली 'प्रत : सहायक आयुक्त'.