मालवणी हॉटेल, बिघडलेली सोलकढी आणि नंतरचे सात महिने

जुलैमध्ये मी या हॉटेलला एक तारा दिला होता. आज तो बदलून चार देतेय. पाचवा राखून ठेवलाय, का ते पुढे येईलच. थाळ्या कुठल्या मिळतात, रविवारी किती वेळ थांबावं लागतं, गाडी कुठे लावायची, हे ठाण्यातल्या खाणाऱ्यांना ठाऊक आहे, त्यामुळे त्यावर लिहीत नाही. मी सोलकढीवर लिहिणार आहे. माझा भाऊ म्हणतो की नऊ माणसांच्या जेवणातलं तू सोलकढीच धरून बसलीस. हो, बसले. ज्या घरात आई वेंगुर्ल्याची आहे, त्या घरात सोलकढी ही थाळीच्या कोपऱ्यातली वाटी नसते. जेवण संपलं हे तिनेच कळतं.

आईला पंचाहत्तर पूर्ण झाली. वाढदिवस खरं तर ऑगस्टमधला, पण घरातली निम्मी माणसं श्रावण पाळतात, म्हणून आषाढातल्या शेवटच्या रविवारी जेवायला जायचं ठरवलं. श्रावण लागायला चार-पाच दिवस उरलेले, म्हणजे गर्दी असणार हे गृहीतच होतं. म्हणून तीन दिवस आधी फोन करून एकचं टेबल सांगून ठेवलं. बसायला मिळालं दोन वाजून पाच मिनिटांनी. एक तास आई बाहेरच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून होती. तेही मी सोडून दिलं असतं.

वडे आधी आले आणि कोंबडीचा रस्सा वीस मिनिटांनी. तोवर वडे चिवट झाले. सुरमईच्या तुकडीला चव नव्हती, मधला भाग भुसभुशीत लागत होता. आता १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना समुद्रात मासेमारीची बंदी असते, त्यामुळे जुलैत सुरमई बर्फातलीच असणार हे मला कळतं. मागवली ही आमची चूक. पण मी विचारल्यावर वाढणाऱ्या मुलाने सांगितलं, "आजचीच आहे, ताई." हे मला अजून खटकतं. बर्फातली आहे म्हणाला असता तर आम्ही सुकटाची चटणी आणि अंड्याचं कालवण घेऊन आनंदाने जेवलो असतो.

मग सोलकढी आली. रंग इतका गडद गुलाबी की लहान भाचीने ते सरबत समजून आधी उचललं. आमसुलं भिजवून, कोळून त्यात नारळाचं दूध घातलं की येतो तो रंग फिका गुलाबी, जरासा जांभळट असतो. आगळ, म्हणजे कोकमाचा मीठ घातलेला दाट रस, वापरलं तर थोडा गडद होतो, पण असा भडक कधीच नाही. ग्लासात पांढऱ्या गुठळ्या तरंगत होत्या. नारळाचं दूध वर आणि पाणी खाली असं वेगळं होणं हा दोष नाही, ढवळलं की एकजीव होतं. या गुठळ्या ढवळूनही मोडत नव्हत्या आणि वास आंबूस येत होता. कोकमाचा आंबटपणा आणि आंबलेल्या नारळाचा आंबटपणा यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. ज्याने एकदा दोन्ही चाखलंय तो डोळे मिटून सांगेल.

आईने एक घोट घेतला, ग्लास खाली ठेवला आणि माझ्याकडे बघून हळू विचारलं, "ह्या काय गो?" मी मुलाला बोलावलं, त्याने कप्तानाला, म्हणजे वाढणाऱ्यांच्या प्रमुखाला, बोलावलं आणि कप्तान आईला म्हणाला, "मावशी, मालवणी सोलकढी अशीच असते." आयुष्याची साठ वर्षं जिने स्वतः नारळ खवून, पाट्यावर वाटून, फडक्यातून पिळून कढी केली, तिला हे ऐकवलं. आई काही बोलली नाही. तिने पाणी मागितलं. पंचाहत्तरीच्या जेवणाचा शेवट तिने पाण्याने केला, म्हणून मी इतकं लिहितेय.

बिल आलं. जेवणाचे ७,८६० रुपये. त्यावर दहा टक्के सेवा शुल्क ७८६ रुपये, आणि या दोन्हींच्या बेरजेवर पाच टक्के जीएसटी. एकूण ९,०७८ रुपये ३० पैसे. सेवा शुल्क बिलात आपणहून लावता येत नाही, हे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट केलंय. दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये त्या सूचना कायमही ठेवल्या. मी गल्ल्यावर जाऊन शांतपणे हे सांगितलं. उत्तर मिळालं, "मॅडम, सगळ्यांनाच लागतो." मागे रांग होती, आई दारात उभी होती, भावाने कार्ड पुढे केलं. घरी येऊन मी हिशेब मांडला. सेवा शुल्क नसतं तर बिल ८,२५३ झालं असतं. म्हणजे ८२५ रुपये ३० पैसे जास्तीचे गेले, तेही एक तास ताटकळत ठेवल्याच्या आणि आईला शिकवल्याच्या सेवेबद्दल.

त्याच रात्री बिलाचा आणि ग्लासाचा फोटो जोडून मी हॉटेलला ईमेल केली. दोन दिवसांनी छापील भाषेतलं उत्तर आलं. गैरसोय झाली असल्यास क्षमस्व, आणि सोबत वीस टक्के सवलतीचं कूपन. अटी अशा की किमान बिल ३,००० रुपयांचं हवं, सोमवार ते गुरुवारच चालेल, मुदत तीस दिवसांची. तीस दिवस म्हणजे जवळजवळ अख्खा श्रावण! मांसाहारी हॉटेलाने श्रावणातलं कूपन द्यावं आणि तेही अशा घरी की ज्यांनी श्रावणाआधी म्हणून जेवण ठरवलं होतं. शिवाय ६०० रुपये वाचवायला मी आधी त्यांच्याकडे ३,००० खर्च करायचे. याला भरपाई म्हणत नाहीत, ही पुढच्या विक्रीची सोय झाली. एक तारा मी त्या दिवशी दिला. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर सेवा शुल्काची तक्रारही नोंदवली आणि तसं हॉटेलला कळवलं.

त्यानंतरच्या शनिवारी दुपारी चारच्या सुमाराला मालकांचा फोन आला. तक्रारीमुळे आला की ताऱ्यामुळे, हे मला सांगता येणार नाही. पण ते जे बोलले ते मी जवळपास शब्दशः लक्षात ठेवलंय, कारण त्यात "असल्यास" हा शब्द नव्हता. ते म्हणाले, "सोलकढी खराब होती. गर्दी म्हणून पहाटेच दूध काढून ठेवलं, फ्रिजमध्ये जागा नव्हती, बाहेर राहिलं. कमी पडलं तेव्हा पावडरचं दूध मिसळलं आणि रंग टाकला. मला संध्याकाळी कळलं." नारळ महाग झालाय असंही म्हणाले. त्यात खोटं काही नव्हतं, त्या दिवसांत आमच्या भाजीवाल्याकडेही नारळ पन्नाशीच्या पुढे गेला होता. पण मी त्यांना सांगितलं की नारळ परवडत नसेल तर फुटी कढी द्या, नुसत्या कोकमाची, वर हिंग-जिऱ्याची फोडणी. आमच्याकडे तीही मानाने पितात. सोलकढीच्या नावाखाली रंगाचं पाणी देऊ नका.

पाच मिनिटांत यूपीआयवरून ८२५ रुपये ३० पैसे आले. तीस पैशांसह. हे मला मनापासून आवडलं. कोणी हजार पाठवले असते तर ते तोंड बंद करण्याचे पैसे वाटले असते. यांनी माझा हिशेब वाचला होता आणि जेवढे चुकीने घेतले तेवढेच परत केले. तारा बदला असंही म्हणाले नाहीत. श्रावण संपल्यावर आईला घेऊन या, पूर्ण जेवण आमच्याकडून, असं मात्र म्हणाले. मी आईला सांगितलं. ती म्हणाली, "फुकटचा जेवक मी येवचंय नाय." मग तिनेच तोडगा काढला. जेवणाचे पैसे आपण द्यायचे, सोलकढी त्यांनी द्यायची.

गणपती झाल्यावर सप्टेंबरमध्ये आम्ही तिघंच गेलो, मी, आई आणि माझे यजमान. मालक स्वतः ग्लास घेऊन आले आणि उभे राहिले. रंग फिका होता. आईने अर्धा ग्लास प्यायल्यावर सांगितलं की लसूण जास्त आहे आणि मीठ दोनदा पडलंय. त्यांनी आत विचारून घेतलं. स्वयंपाकी आगळ वापरत होता आणि वरून मोजून मीठही घालत होता. आगळात मीठ आधीच असतं, रस टिकावा म्हणून घातलेलं. त्यामुळे आगळाची कढी चाखून मगच मीठ घालायचं. आईने हे त्यांना समजावलं आणि त्यांनी ते ऐकून घेतलं. कप्तानही तिथेच होता. तो आईजवळ येऊन म्हणाला, "मावशी, त्या दिवशी मी चुकीचं बोललो." मला वाटतं, आईसाठी खरी भरपाई तिथेच झाली. त्या दिवशी मी मनात पाच तारे देऊन टाकले होते.

ते लिहिले नाहीत हे बरं झालं. ऑक्टोबरमध्ये दोनदा गेलो. पहिल्या वेळी दुपारी उत्तम. दुसऱ्या वेळी, आठवड्याच्या मधल्या दिवशी, रात्री दहाच्या पुढे, कढी पुन्हा पातळ आणि पाणचट आली. बिघडलेली नव्हती, पण शेवटच्या पिळाच्या दुधात पाणी वाढवून भागवलेली होती. नारळाचं पहिलं दूध दाट येतं, दुसरं पातळ, तिसऱ्याला नुसता वास असतो. मला तिसरं मिळालं होतं. माझा फार विरस झाला. मी पुन्हा मालकांना संदेश पाठवला, यावेळी रागाने नाही तर कळकळीने. लिहिलं की संपली असेल तर संपली म्हणा.

नोव्हेंबरपासून ते तसंच म्हणतात. मी जुलैपासून आजवर एकूण अकरा वेळा गेले आहे, त्यातल्या दोन वेळा रात्री मला सांगण्यात आलं की सोलकढी संपली, फुटी कढी चालेल का. चालली. एकदा तर मला ती सोलकढीहून जास्त आवडली. आता दूध दिवसातून दोनदा काढतात, दुपारच्या जेवणाआधी आणि संध्याकाळी. हे मालकांनी सांगितलं म्हणून मी मान्य केलं असं नाही. साडेअकराला लवकर जाऊन पाहिलं तेव्हा कढी अजून तयार नव्हती, मिक्सर चालू होता आणि पंधरा मिनिटं थांबायला सांगितलं. उकाड्याच्या दिवसांत बाहेर ठेवलेलं नारळाचं दूध काही तासांत उतरतं, त्यामुळे दोनदा काढण्याला पर्यायच नाही. पण त्यासाठी एक माणूस दोनदा गुंतवावा लागतो, आणि तो त्यांनी गुंतवला.

पैशांचंही बघा. सेवा शुल्क बिलावरून गेलंय, मी दर वेळी तपासते. त्याऐवजी थाळ्यांचे भाव वीस ते तीस रुपयांनी वाढले. मला हे चालतं. जो भाव आहे तो कार्डावर छापा, मी वाचून ठरवीन परवडतं का. जादा सोलकढी पन्नासची साठ झाली आणि ग्लास थोडा लहान झालाय. हे मात्र मला पटलेलं नाही. भाव वाढवा नाहीतर माप कमी करा, दोन्ही एकदम करू नका. मी हे त्यांना सांगितलंय, अजून उत्तर नाही.

वडे अजूनही रविवारी गार येतात. धन्या-मेथीची चव छान असते, पण वडा कढईतून ताटात येईपर्यंत फुगलेला राहिला तरच त्यात गंमत. बांगड्याच्या तिखल्यात तिरफळं असतात आणि ती भरपूर असतात, त्याबद्दल पूर्ण गुण. सुरमई नारळी पौर्णिमेनंतर तीन वेळा खाल्ली, तिन्ही वेळा चांगली होती.

आता पाचवा तारा. तो सोलकढीसाठी राखलेला नाही, सोलकढीचा तारा माझ्याकडून मिळालाच असं समजा. पाचवा त्या "आजचीच आहे, ताई" साठी राखलाय. त्याबद्दल मालक माझ्याशी कधी बोलले नाहीत आणि मीही विषय काढलेला नाही, कारण पावसाळा येईपर्यंत त्याची परीक्षाच होत नाही. जूनमध्ये बंदी लागली की मी जाऊन सुरमई ताजी आहे का, एवढंच विचारणार आहे.

तुम्ही जाणार असाल तर दुपारी बारा ते दोन किंवा संध्याकाळी आठच्या आत जा आणि सोलकढी जेवणासोबत न मागवता शेवटी मागवा, आधी आणली तर टेबलावर तापते. आईला आता तिथे नेण्यासाठी मनवावं लागत नाही. गेल्या रविवारी तिने ग्लास रिकामा करून खाली ठेवला, "आता बरी आसा" म्हणाली आणि घरी न्यायला अर्धा लिटर बांधून घेतली. ती बाटली १५० रुपयांना पडली. पैसे तिने स्वतःच्या पाकिटातून दिले.